मी उचलणारी

मला लहानपणी कोणी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. घेतलं असेलच, नाही कसं, पण माझ्या आठवणी जिथून सुरू होतात तिथून पुढे मीच कोणाला तरी उचललेलं आहे. मावशीचं बाळ, शेजारच्या शेळीचं पिल्लू, पाण्याचा ड्रम, गॅसची टाकी. मी जन्मले तेव्हा सुईण आईला म्हणाली होती म्हणे, "माय व, हे पोरगी नाही, कालवड हाय." आई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची आणि कौतुकाने सांगायची, म्हणून मला तिचा राग कधी आला नाही. नववीत मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच होते. गल्लीत कोणाचं कपाट सरकवायचं असलं, लग्नात भाताचं पातेलं चुलीवरून उतरवायचं असलं की हाक यायची, "कल्पनाले बोलवा बरं." मी जायची, उचलायची, चहा प्यायची, परत यायची. आता चाळिशी जवळ आली, दोन्ही गुडघे कुरकुरतात, तरी कुठे जड काही दिसलं की हात आपोआप पुढे होतात. फक्त माणसांच्या बाबतीत मध्ये एक खीळ बसली आहे, ती कॉलेजातल्या दोन वर्षांतली.

आमचं घर जळगाव जामोदला, मार्केट यार्डाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभं होतं. बाबा यार्डात हमालांचे मुकादम. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, सुरू होऊन अडत्याचा आवाज चढला म्हणजे सकाळ. काट्यावर पोती पडण्याचा धप्प धप्प थांबला म्हणजे दुपारची जेवणं. ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थापा मारायला लागला म्हणजे दिवस उतरला. दुपारी सहा-सात हमाल आमच्या ओट्यावर डबे सोडायचे. भाकरी त्यांच्या, कालवण आईचं. एक मोठं भगुणं कढीचं, नाहीतर तुरीच्या सोल्यांची आमटी, आणि थंडीत वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात इतकी की वांगं शोधावं लागे. मिरचीची आवक सुरू झाली की अख्खं घर शिंकायचं. पाहुण्यांना वाटायचं सर्दीची साथ आली. बाबा कमी बोलायचे, जेवताना तर नाहीच. पोतं पाठीवर घेऊन घेऊन त्यांची मान थोडी पुढे आली होती, त्यामुळे ते नेहमी कोणाचं तरी ऐकत असल्यासारखे दिसायचे. पुढे कळलं की ते खरंच ऐकत असायचे.

आमच्या कॉलेजात, गॅदरिंग असो की बाहेरची स्पर्धा, मुलगा आणि मुलगी जोडीने नाचायचं नाही असा नियम होता. आमच्या आधी कधीतरी काही गडबड झाली होती. काय झाली ते कोणी सांगत नसे, त्यामुळे ती दरवर्षी थोडी थोडी मोठी होत गेली. मग जोडीनृत्यात दोन्ही मुली. एकीने घागरा, दुसरीने पँट. पँट कोणी घालायची हा प्रश्न आमच्या वर्गात पडलाच नाही. सगळ्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

घागऱ्यात होती रुखसार. बस स्टँडजवळ सलीमचाचांचं शिलाईचं दुकान होतं, त्यांची ही मधली मुलगी. गावातल्या निम्म्या शाळांचे गणवेश तिथे शिवले जायचे आणि कॉलेज सुटल्यावर रुखसार तिथेच बसून काज-बटण करायची. अंगाने काडी, पण तोंडाने फटाकडी. माझ्यात ताकद होती, ठेका नव्हता. तिच्या अंगात ठेका असा भरला होता की बटण लावतानासुद्धा तिची मान हलायची. तिने मला मोजायला शिकवलं. "पाच-सहा-सात-आठ म्हण, आन् आठवर पाय टाक. नऊ नाही येत नाचात, काऊन जाते तू नऊवर?" अशी ती मला दुकानाच्या मागच्या खोलीत झापायची आणि चाचा मशीन चालवता चालवता हसायचे. तिला नाचू द्यायचं का, असा प्रश्न घरात निघाला तेव्हा चाचांनी गळ्यातली टेप सारखी केली, माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "कल्पना है ना साथ में? फिर काय का डर." आमच्या घरी तर तेवढंही झालं नाही. दोघी मुलीच तर आहेत, मग विचारायचं काय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

रविवारी यार्ड बंद असायचं. बाबांनी एक रिकामं शेड उघडून दिलं आणि कोपऱ्यातला सगळा बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्यांची थप्पी, आम्हाला अंथरायला दिली. पोत्यांवर पोती, वर आईची जुनी सतरंजी. त्यावर पडलं तर लागायचं नाही, फक्त दोन दिवस अंगाला हरभऱ्याचा वास यायचा. गाणं मोबाइलवर. मोबाइलचा आवाज अगदी चिलटासारखा, म्हणून तो आईच्या स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, उभा करून ठेवायचा, की शेडभर घुमायचा. नाच बसवायला अकोल्याहून मिलिंद सर यायचे. सडपातळ, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, तोंडात कायम बडीशेप. ते स्वतः टीव्हीवर बघून शिकलेले होते आणि त्यांना 'लिफ्ट'चं फार वेड. "बाकी सगळं ठीक आहे," ते म्हणायचे, "पण लिफ्टशिवाय टाळी नाही पडत."

तीन लिफ्ट होत्या. पहिली कमरेला धरून गोल फिरवायची. दुसरी खांद्यावर बसवायची. तिसरी म्हणजे खांद्यावरून पुढे कमरेशी धरून, दोन्ही हात सरळ करून, डोक्याच्या वर. पहिल्या दोन्ही रुखसारला आवडायच्या. खांद्यावर बसून ती वरून मलाच सूचना करायची, पाठ ताठ ठेव, दात नको काढू. तिसरीला मात्र आम्ही एकदाच गेलो. माझे हात सरळ झाले, ती वर एक क्षण थरथरली आणि दोघीही बारदान्यावर. मी हसत सुटले. तीही हसली, पण उठून बसल्यावर केसांतलं सुतळीचं तूस काढत म्हणाली, "हे नोको, सर. वरतून मले काहीच समजत नाही. कुठं धरावं तेच समजत नाही."

"सवय होईल," सर म्हणाले.

"अगं, मी हाव ना," मी म्हणाले.

हे वाक्य त्या काळात माझ्या तोंडात सारखं असायचं. मी हाव ना. टाकी उचलताना, पातेलं उतरवताना, सगळीकडे ते खपायचं.  पण खामगावला स्पर्धेला जायच्या दिवशी, एसटीत खिडकीशी बसून शेंगा सोलताना, रुखसारने सरळ सांगितलं, "कल्पे, वरचं नाही कराचं. खांद्यावरच थांब. तथून खाली, आन् मंग शेवटची गिरकी."

"बरं," मी म्हणाले.

तिने माझ्या हातावर सोललेल्या शेंगा ठेवल्या. ठरलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर खूप जणांनी मला समजावलं की ऐन वेळी असं होतं, गोंधळ होतो. गोंधळ नव्हता. नांदुऱ्याच्या अलीकडे, दिवसाढवळ्या, शुद्ध मराठीत ठरलं होतं.

खामगावला आजूबाजूच्या कॉलेजांची स्पर्धा होती. मंडप मोठा, स्टेज फळ्यांचं, वर हिरवी चटई ठोकलेली. आमचे कपडे चाचांनी शिवले होते. रुखसारचा घागरा-चोळी डाळिंबी साटीनचा, असा झगझगीत की विंगेत उभ्या असलेल्या सगळ्या मुली हात लावून बघत होत्या. तो घालून आम्ही एकदाही नाचलो नव्हतो. मळेल म्हणून जपून ठेवला होता. सरावात तिच्या अंगात कॉटनचा कुर्ता असायचा आणि माझ्या हाताला त्याच कापडाची ओळख होती.

आमच्या आधीच्या जोडीत मुलगा होता. त्याने मुलीला एका हातावर झेललं आणि मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मिलिंद सरांच्या तोंडातली बडीशेप थांबली. आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा ते समोरच्या विंगेत उभे होते. नाच चांगला चालला होता, मी एकदाही नऊवर गेले नाही. कमरेची लिफ्ट झाली, शिट्ट्या आल्या. खांद्यावर बसवली, आणखी शिट्ट्या. मागून कोणीतरी ओरडलं, "अजून वर, पैलवान!" आणि मला सर दिसले. त्यांनी दोन्ही तळवे वर करून दाखवले. वर, वर.

मी तिची कंबर धरली. तिला लगेच कळलं. ती माझ्या डोक्यावरून वाकून कानाशी म्हणाली, "नाही, कल्पे. नाही."

मी ऐकलं. गाणं मोठ्याने चाललं होतं, लोक ओरडत होते, तरी मला ते दोन्ही 'नाही' स्वच्छ ऐकू आले. आणि मी मनात म्हटलं, मी हाव ना.

हात सरळ झालेच नाहीत पुरते. ती वर जाताना घाबरून आखडली, साटीन माझ्या घामेजल्या हातांतून मासळीसारखं निसटलं आणि ती माझ्या पाठीमागे फळ्यांवर पडली. पडताना तिने उजवा हात खाली टेकवला. गाणं आणखी चार-पाच ओळी तसंच वाजत राहिलं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे म्हणाले. परतीच्या गाडीत सर पुढच्या सीटवर बसून कपाळ चोळत होते, आणि रुखसार पांढरा हात मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मी तीन वेळा विचारलं, दुखतंय का. तिने तिन्ही वेळा मान हलवली, नाही. माझ्याकडे पाहिलं एकदाही नाही.

त्यानंतरच्या दिवसांची गंमत अशी की दोष कोणीच मला दिला नाही. सर म्हणाले, फळ्या एकसारख्या नव्हत्या. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, असले नाच बसवायचेच कशाला. आई म्हणाली, दृष्ट लागली. सलीमचाचा तर आमच्या घरी येऊन ओट्यावर बसले, आईने दिलेला चहा बशीत ओतला आणि मलाच म्हणाले, "गलती मेरी है बेटा. साटीन नको था लेना. फिसलता वो." इतका साधा, भला माणूस. मी मान खाली घालून उभी राहिले आणि त्यांना चूक आपल्या अंगावर घेऊन जाऊ दिलं. आजही त्या ओट्याची आठवण आली की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

एकट्या बाबांनी वेगळा प्रश्न विचारला. दुपारची वेळ होती, हमाल जेवून गेले होते, बाबा हात धूत होते. ते पाठमोरेच म्हणाले, "उचलाच्या आधी ते पोरगी काही बोलली होती का?"

मी कढीचं भगुणं उचललं.

"ऐकू आलं होतं?"

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. मला वाटलं आता बोलतील, पण ते चप्पल घालून यार्डात निघाले, आणि फाटकापाशी थांबून म्हणाले, "आमच्यात पोतं देनारा मांगं असते, घेनारा पुढं. पुढचा 'हं' म्हणत नाही तोवर मांगचा हात सोडत नाही. आन् 'हं' म्हटल्यावरबी तो 'थांब' म्हणला त थांबाचं. वजन त्याच्या पाठीवर येनार असते ना बाई, आपल्या नाही." एवढं बोलून ते गेले. मी लहानपणापासून तो 'हं' दिवसातून हजार वेळा ऐकत होते. मला तो धापेचा आवाज वाटायचा.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. चाचा शाळेच्या खाकी पँटी शिवत होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "चाचा, साटीनची चूक नव्हती. ती नाही म्हणत होती. मी ऐकलं, तरी वर घेतलं." मशीन थांबलं. त्यांनी सुईखालची पँट काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ये मेरे कू काय कू बता रही? उस कू बता." आणि मागच्या खोलीच्या पडद्याकडे हात केला.

पडद्याला हात लावायची गरज पडली नाही. रुखसार पडद्यामागेच उभी होती. ती बाहेर आली. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, केस डाव्या हाताने कसेबसे बांधलेले. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "ऐकलं होतं ना तू?"

"हाव."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "इतके दिवस मले वाटून राह्यलं होतं का मीच हळू बोलली. रोज रात्री म्हणून पाहतो, किती जोरात म्हणलं असतं त ऐकू गेलं असतं." चाचा उठून बाहेर चहा सांगायला गेले आणि खूप वेळ आले नाहीत. मी तिथे काय बोलले ते मला आठवत नाही. माफी मागितली असेल. एवढं आठवतं की माझं सगळं लक्ष तिच्या त्या वाक्याकडे होतं. मी माझी लाज झाकून ठेवली होती, आणि तेवढे दिवस ती स्वतःचा आवाज तपासत बसली होती.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. प्लास्टर निघालं, बोटं हळूहळू वळायला लागली, ती पुन्हा काज-बटणाला बसली, आणि एक दिवस स्वतःच म्हणाली, "पुढच्या साली नाचाचं. पन आधी तू वर जा."

"मी?"

"हाव, तू. मी वर जाऊन पाह्यलं, आता तू पाह्य."

मला उचलणार कोण, हा मोठाच प्रश्न होता. तो सोडवला यार्डात धान्य चाळणाऱ्या बायांनी. चौघीजणी होत्या, दिवसभर मोठ्या चाळण्या हलवून दंड असे झालेले की पुरुषांनी बघत राहावं. रविवारी त्या शेडमध्ये आल्या, पदर खोचले, आणि मला बघून हसून हसून बेजार झाल्या. "माय व, हे त कापसाची गाठ हाय!" सगळ्यात मोठी शांतामावशी. तिने माझ्या कमरेला हात घातला, दुसरीने पाठीला, दोघींनी पाय. रुखसारने मोजलं, पाच-सहा-सात-आठ, आणि आयुष्यात कळत्या वयात पहिल्यांदा माझे पाय जमिनीवरून सुटले.

मला वाटलं होतं मजा येईल. पण वर गेल्याबरोबर मजा संपली. वर पत्रे, खाली काहीच नाही. आपलं वजन आपलं राहिलेलं नसतं, आणि ज्यांच्या हातात ते असतं त्यांचे चेहरेही दिसत नाहीत. मी हात हवेत फिरवले, धरायला काही नव्हतं. "ठेवा," मी म्हणाले. बाया हसत होत्या. "अजून थोडं वर, पोरीले सरग दिसू द्या!" शांतामावशी म्हणाली आणि मी आणखी वीतभर वर गेले. "ठेवा खाली!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, अगदी बारीक. तेवढ्यात खालून रुखसार कडाडली, "ते नाही म्हणून राह्यली ना! ठेवा!"

त्यांनी ठेवलं, अगदी जपून. मी सतरंजीवर बसून राहिले. शांतामावशी गोंधळली बिचारी, म्हणाली, "मस्करी केली व बाई." मला ते पटलं. मस्करीच होती, तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. माझ्याही मनात नव्हतं, खामगावला.

रुखसार माझ्या शेजारी बसली. तिने आता समजलं का वगैरे विचारलं नाही. आईने पाठवलेला डबा उघडला आणि आम्ही सहाही जणींनी भाकरी-ठेचा खाल्ला.

ते वर्ष आम्ही सगळं पहिल्यापासून बांधलं. उचलण्याआधी मी विचारायचं, "घेऊ?" तिने माझा खांदा दाबला तर हो. दाबला नाही तर नाही. वर गेल्यावर तिने दोनदा थाप मारली की लगेच खाली, का ते विचारायचं नाही. वर कुठे धरायचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून आम्ही ते ठरवलं, माझी मनगटं. बाबांनी येऊन माझे पाय बघितले आणि एकच सांगितलं, कमरेने नको उचलू, गुडघ्याने उचल. शांतामावशी आणि तिची एक सोबतीण दर रविवारी दोन्ही बाजूंना हात पसरून उभ्या राहायच्या. सलीमचाचांनी नवा घागरा शिवला, आणि चोळीला कमरेपाशी, माझे हात जिथे यायचे तिथे, आतून-बाहेरून जाड मांजरपाट लावला, वर छान कशिदा काढून, कोणाला कळू नये असा. आणि तो पहिल्या दिवसापासून सरावात घालायचा, मळला तर मळला. मिलिंद सरांना मी एसटी स्टँडवरच सांगितलं, "सर, विंगेतून हात नाही कराचे." ते जरा वरमले. म्हणाले, "मी पण त्या दिवसापासून नीट झोपलो नाही." माणूस वाईट नव्हता. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि मजा म्हणजे वरची लिफ्ट रुखसारलाच हवी होती. मी शंभरदा म्हटलं, सोडून देऊ. तर म्हणाली, "मले नोको होती तवा तू घेतलं. आता मले पाहिजे त तू नाही म्हणते?" हळूहळू, वीत-वीत करत, आम्ही वर गेलो. थंडी पडेपर्यंत ती माझ्या हातांवर आडवी होऊन वरून शांतामावशीला डोळा मारायला लागली होती.

त्या वर्षीची स्पर्धा शेगावला होती, दुपारची. मंडप गच्च. सलीमचाचा आणि बाबा एकाच बाकावर बसले होते, दोघेही आपापल्या परीने अवघडलेले. आम्ही नाचलो, आणि आयुष्यात कधी नाचलो नसू असं नाचलो. कमरेची लिफ्ट, घेऊ, दाबला, झाली. खांद्यावरची, घेऊ, दाबला, झाली. शिट्ट्या सुरू झाल्या. मी तिची कंबर धरली, मांजरपाट हाताला लागला. सगळं जागेवर होतं. "घेऊ?"

खांद्यावर काही नाही.

मला वाटलं विसरली. पाच-सहा झालं होतं. "घेऊ?" मी पुन्हा विचारलं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तसाच, हलका. मागून लोक ओरडत होते, वर, वर. सात झालं. आठवर मी गुडघे वाकवले आणि तिला खाली उतरवलं, ती जमिनीवर पाय टेकवून माझ्याभोवती फिरली, मी तिच्याभोवती फिरले, आणि नाच संपला. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. नंबर आला नाही.

मंडपामागे खुर्च्यांच्या थप्प्या होत्या. मी तिला तिथे ओढत नेलं. "काय झालं व? मनगट दुखलं? भेव वाटला? चक्कर आली?"

"काही नाही," रुखसार म्हणाली. ओढणीने कपाळ पुसत होती. "मस्त वाटून राह्यलं होतं."

"मंग?"

"म्हणलं पाहू. इतक्या लोकांत तू थांबते का नाही."

 एक वर्ष, सगळे रविवार, चौघीजणी, मांजरपाट, नंबर. माझ्या तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, हमालांच्यात वाढलेल्या मुलीला जेवढं येत होतं तेवढं सगळं निघालं. ती शांतपणे ऐकत होती, आणि मग हसायला लागली. मग मीही. खुर्च्या रचणारा माणूस हातातली खुर्ची तशीच धरून आमच्याकडे बघत राहिला.

हसणं थांबल्यावर तिने घागरा सारखा केला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आता घे," म्हणाली.

"इथी?"

"इथीच."

मी विचारलं, घेऊ? तिने खांदा दाबला, असा की बोटं उमटली. मी गुडघे वाकवले, आणि ती गेली वर, सरळ, पूर्ण, माझे दोन्ही हात ताठ, शेगावच्या दुपारच्या उन्हात. तेवढ्यात आम्हाला शोधत मिलिंद सर मंडपाचा पडदा सारून आले आणि जागीच थिजले.

"अगं, हेच तिथे का नाही केलं?" ते कळवळून म्हणाले.

"सर," रुखसार वरून म्हणाली, "तथी मी हाव म्हणलं नव्हतं."

 ती आणखी थोडा वेळ वर राहिली. मग तिने दोनदा थाप मारली आणि मी तिला खाली ठेवलं.